डाव मोडायच्या आत

शाळांना मोठी सुट्टी लागायला आता थोडेच दिवस राहिले आहेत. त्या पुन्हा उघडतील १५ जूनच्या सुमारास, आणि विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे आणखी काही दिवसांनी. तोवर नातवंडं आजोळी येतील, मुंबई-पुण्याचे काका-काकू गावी जातील, कुणी परदेशातून महिनाभरासाठी येईल. म्हणजे एरवी वर्षभर एका छपराखाली न येणाऱ्या तीन पिढ्या काही दिवस एकत्र असतील. या दिवसांसाठी सर्व कुटुंबांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि मित्रमंडळींना हे तातडीचं आवाहन आहे. तुमच्या घरात जे बैठे खेळ खेळले जायचे ते या सुट्टीत पुन्हा मांडा, आणि ज्यांना ते येतात त्यांच्याकडून त्यांचे नियम वहीत उतरवून घ्या.

तातडी अशासाठी, की हे खेळ ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. आपण आजीच्या लोणच्याचं प्रमाण लिहून घेतो, घराण्याची वंशावळ काढतो, जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहितो. पण ‘आपल्याकडे मेंढीकोटात हुकूम कसा ठरवायचे?’ हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण तो घराघरांत वेगवेगळा ठरतो. कुठे एकजण पत्ता पालथा ठेवतो आणि तोच रंग हुकमाचा. कुठे पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल तो जे पान टाकेल, तो हुकूम. खेळ एकच, पण पहिल्या तऱ्हेत गुपित राखण्यात मजा आहे आणि दुसऱ्या तऱ्हेत अचानक पारडं फिरण्यात. कॅटच्या डब्यावर यातलं काहीही छापलेलं नसतं. ते एका माणसाच्या डोक्यात असतं आणि त्या माणसाबरोबर जातं.

कोकणातल्या तीनशे चारचंच बघा. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची बत्तीस पानं, चौघे खेळणारे, समोरासमोरचे भिडू. यात राजा-राणीचा तोरा चालत नाही. सगळ्यांत मोठा गुलाम, तीस गुणांचा. त्याच्या खालोखाल नव्वी, वीस. मग एक्का अकरा, दश्शी दहा, राजा तीन, राणी दोन, आणि अठ्ठी-सत्ती नुसत्या भरतीच्या. एका रंगाचे शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. चार पानं हातात आली की बोली लागते, बोली जिंकणारा हुकमाचं पान पालथं घालतो, मग उरलेली चार वाटली जातात. हा खेळ येणारा माणूस प्रत्येक हाताला मनातल्या मनात बेरीज करत असतो, समोरच्याकडे कोणती नव्वी उरली असेल याचा अंदाज बांधत असतो, आणि भिडूच्या भुवईकडे लक्ष ठेवून असतो. पाढे येत नाहीत म्हणून शिकवणी लावलेला सहावीतला मुलगा आठवडाभर या डावात बसवून बघा. शिकवणी बंद करा असं मी म्हणत नाही, पण बेरजा सुधारतील.

आता गंजिफांकडे वळतो, कारण दुर्लक्ष केलं की काय होतं ते तिथे उघड दिसतं. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली गोल पानं. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण एकशे वीस. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री असेल तर कृष्णाचा. ही कला संपत आली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात तिला हात दिला, राजवाड्यात चित्रकार बसवले, आणि म्हणून ती पानं आजही तिथे तयार होतात. लोक आवडीने विकत घेतात, चौकटीत बसवतात, भिंतीवर लावतात. पण त्या एकशे वीस पानांनी खेळता येतं अशी माणसं शोधायला गेलात तर फार थोडी सापडतील. वस्तू वाचली आणि खेळ मात्र भिंतीवर गेला. आपल्या घरातल्या सोंगट्यांचं, कवड्यांचं आणि सागरगोट्यांचंही याच वाटेने शोभेच्या वस्तूंत रूपांतर चाललं आहे.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. त्याचा एक अख्खा भाग क्रीडांना दिलेला आहे, आणि त्यात फाशांचे आणि कवड्यांचे खेळही आहेत. राज्यकारभार, हत्तींची निगा आणि स्वयंपाक यांच्याबरोबर राजाला खेळांची नोंद ठेवावीशी वाटली, म्हणून ते आज आपल्याला वाचता येतात. आपल्याला ग्रंथ रचायचा नाही. शंभर पानी वही पुरे.

मोबाइलचं म्हणाल तर एक गाव आठवतं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद, ते दीड तासाने दुसरा भोंगा होईपर्यंत. करोनाकाळातल्या ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हाती आलेले मोबाइल सुटेनात, म्हणून गावाने हे ठरवलं. मुलांचा अभ्यास, मोठ्यांचं वाचन, घरातल्या गप्पा यांसाठी ही वेळ राखली. गावाचं करावं तेवढं कौतुक कमी आहे. पण ज्यांनी घरात असा भोंगा वाजवून बघितला आहे त्यांना पुढची अडचण ठाऊक असेल. मोबाइल बंद केले, आता करायचं काय? पंधरा मिनिटांत मुलं कंटाळतात, मोठे त्यांच्याआधी कंटाळतात, आणि नुसती बंदी तिसऱ्या दिवशी मोडते. रिकाम्या झालेल्या तासाला काहीतरी द्यावं लागतं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत अनेक घरांत कंदिलाच्या उजेडात झब्बू आणि बदाम सात रंगायचे. तेव्हा तो तास भारनियमनाने सक्तीने रिकामा केला होता, आणि तो भरायला खेळ माहीत असलेली माणसं घरात होती. आता वीज आहे, आणि खेळ माहीत असलेली माणसं कमी होत आहेत.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते रास्त आहेत.

पहिला आक्षेप पत्त्यांचा. ‘पत्ते’ म्हटलं की पुष्कळ घरांत आजही कपाळावर आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. तीनपत्तीने ज्यांची शेतं गेली अशी घरं प्रत्येक तालुक्यात आहेत. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७चा आहे, यावरूनच दुखणं किती जुनं आहे ते कळतं. त्यात मोबाइलवरच्या रमीने गेल्या काही वर्षांत किती पगार गिळले ते वेगळंच. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला तो त्यामुळेच. म्हणून नियम क्रमांक एक: घरच्या डावात पैसा नाही. एक रुपयाही नाही, गंमत म्हणूनही नाही. हिशेब ठेवायचा तर चिंचोक्यांचा. हरणाऱ्याने गाढव होऊन ओरडावं, नाहीतर सगळ्यांचे कप विसळावेत, शिक्षा एवढीच. युधिष्ठिराची गोष्ट मुलांना सांगायचीच असेल तर डाव संपल्यावर सांगा, मध्येच नको. आणि तिच्या जोडीला खंडोबाचीही सांगा. म्हाळसेशी सारीपाट मुद्दाम हरून बाणाईकडे जाण्याचा बेत त्याने कसा तडीस नेला, ही कथा ऐकताना मुलांपेक्षा मोठेच जास्त हसतील. कोजागरीच्या रात्री फासे खेळून जागरण करावं असं व्रतातच सांगितलेलं आहे. बैठ्या खेळांशी आपल्या देवादिकांचं भांडण कधीच नव्हतं.

दुसरा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून तो मी बोलतो. सुट्टीत डाव रंगतो तेव्हा स्वयंपाकघरात कोण असतं? चार पुरुष आणि सहा मुलं सतरंजीवर, आणि घरातली बाई तिसऱ्यांदा चहा ठेवते आहे, मग भजी तळते आहे, मग रात्रीची कणीक भिजवते आहे. ती डावात नसेल तर तो खेळ घरचा नव्हे, चार जणांची चैन आहे. म्हणून नियम क्रमांक दोन: आधी तिला बसवा, मग पानं वाटा. खाणं सोपं ठेवा. कैरीचं पन्हं सकाळी करून माठाशेजारी ठेवता येतं, भेळ दहा मिनिटांत कुणालाही कालवता येते, कलिंगड कापायला मोठं कसब लागत नाही. मित्रमंडळींना बोलावतानाही हेच. ‘जेवायलाच या’ हा आपला आतिथ्याचा हट्ट आहे आणि त्यापायी आपण वर्षानुवर्षं कुणाला बोलावत नाही. ‘रविवारी चारला या, कॅरम काढतोय, चहा-चुरमुरे आहेत’ असा निरोप पाठवून बघा. लोक येतात.

तिसरा आक्षेप वेळेचा. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे: दुपारी दोन ते पाच. वैशाखात त्या वेळी बाहेर कुणी जाऊ शकत नाही आणि जाऊ नये. बैठे खेळ मुळात याच तासांसाठी आहेत.

कुठून सुरुवात करावी? तीनशे चारपासून नको, नवखे गोंधळतात. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर बदाम सात. बदाम सत्ती टाकून सुरुवात, मग दोन्ही बाजूंनी पानं लावत जायचं. अंकांची चढउतार कळली की मूल आजोबांच्या बरोबरीने खेळू शकतं, आणि सत्ती दाबून धरून आजोबांना अडवण्याची लबाडीही लवकर शिकतं. तिघेच असाल तर पाच-तीन-दोन. तीस पानं, प्रत्येकाला दहा, एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन, आणि ज्याने कमी केले त्याच्याकडून पुढच्या डावात पानं ओढायची. पंधरा माणसं असतील तर दोन कॅट एकत्र करून झब्बू.

पत्ते नकोतच अशा घरांसाठी फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरांचा पट आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मध्यावर फुली. हा चल्लस आठ. कुठे याला अष्टचंग म्हणतात, कुठे आणखी काही. तुमच्याकडे काय म्हणायचे ते वहीत पहिल्या ओळीवर लिहा. चार कवड्या लागतात. त्या नसल्या तर चार चिंचोके सहाणेवर एका बाजूने घासून पांढरे करून घ्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं, चारही उताण्या म्हणजे चार, चारही पालथ्या म्हणजे आठ, आणि चार किंवा आठ पडले की आणखी एक फेक. बाहेरच्या रांगेतून एक फेरा, मग उलट्या दिशेने आतला फेरा, मग मध्यावर. बहुतेक घरांत असा दंडक आहे की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. काही घरांत नाही. यावरून भांडण होणारच, ते होऊ द्या आणि शेवटी काय ठरलं ते लिहून ठेवा. असेच पट देवळांच्या आणि लेण्यांच्या दगडी फरशीवर कोरलेले दिसतात. फिरायला गेलात तर मुलांना ते शोधायला लावा, आणि स्वतः मात्र खडूच वापरा.

सागरगोट्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो खेळ सगळ्यांत वेगाने चालला आहे. ज्यांना तो येतो त्या बहुतेक आज्या आहेत, आणि त्यांना आपल्याला काही येतं असं वाटतच नाही. गजग्याच्या काटेरी वेलीच्या त्या राखाडी, गुळगुळीत, टणक बिया. एक वर उडवायची, ती खाली येण्याआधी जमिनीवरची उचलायची आणि वरची झेलायची. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. इथवर कुणालाही सांगता येतं. पुढचे प्रकार, म्हणजे हाताची कमान करून त्यातून ढकलणं, तळहातावरून पालथ्या हातावर घेणं, टाळी वाजवून एका हाताने झेलणं, यांची नावं आणि क्रम प्रत्येक गावात निराळे आहेत आणि ते लिहून समजत नाहीत. इथे वही अपुरी पडेल. आजीच्या हातांचं चित्रीकरण करा. ज्या मोबाइलला आपण एरवी बोल लावतो त्याचा हा उत्तम उपयोग आहे. बिया आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतात, किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना वेलीवरच मिळतील. मुलं त्या फरशीवर घासून एकमेकांना चटके देतील, तेवढं सांभाळा.

कॅरम मात्र बऱ्याच घरांत आहे, कपाटामागे उभा. काढा, पुसा, सोंगट्या मोजा. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि राणी. एखादी हरवलेली असणारच, तिच्या जागी शर्टाचं मोठं बटण चालतं. बोरिक पावडर लहान मुलांच्या हाताशी ठेवू नका, ती पोटात जाणं चांगलं नाही.

साहित्य काहीच नसेल तर भेंड्या आहेत, नाव-गाव-फळ-फूल आहे, चार चिठ्ठ्यांत राजा-राणी-चोर-शिपाई आहे. ज्यांची मुलं दूरदेशी आहेत त्यांनी भेंड्या आणि नाव-गाव फोनवरही खेळावेत, चित्र दिसलं नाही तरी चालतं. एकमेकांना ‘जेवलास का’ विचारून झाल्यावर जी शांतता पसरते तिच्यापेक्षा ‘ण’ वरून गाणं कुठून आणायचं हा वाद कधीही बरा.

गावच्या मंडळांना, गृहनिर्माण संस्थांना आणि महिला मंडळांना वेगळी विनंती आहे. श्रावणात मंगळागौरीचे खेळ करणारे गट बोलावले जातात. झिम्मा, फुगड्या, पिंगा, कीस बाई कीस असं सगळं त्या तडफेने करतात, आणि यजमानीण व तिच्या मैत्रिणी खुर्च्यांवर बसून चित्रीकरण करतात. त्या गटांनी हे खेळ टिकवले, त्यांचे उपकारच आहेत. पण पुढच्या वेळी आमंत्रण देतानाच सांगा, की शेवटचा अर्धा तास आम्हाला चार खेळ शिकवायचे. खुर्च्या तेवढ्यापुरत्या भिंतीला लावा. संस्थेच्या वाचनालयात चार कॅट, दोन कॅरम आणि एक सोंगट्यांचा पट ठेवायला सभेचा ठराव करावा लागत असेल, तर या महिन्याच्या सभेत करा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना ‘काही मदत हवी का’ असं विचारलं तर ते नको म्हणतात. ‘चौथा भिडू कमी पडतोय’ म्हटलं की चप्पल घालून निघतात.

वहीत काय लिहायचं ते सांगतो. खेळाचं तुमच्या घरातलं नाव. तो कुणी शिकवला, कोणत्या गावी. किती माणसं, काय साहित्य. सुरुवात कशी, शेवट कसा, लबाडी कशाला म्हणायचं आणि तिला शिक्षा काय. डावात म्हणायचे शब्द, चिडवायची वाक्यं, जशी बोलली जातात तशीच. शेजारच्या घरात नियम वेगळा असेल तर तोही. मग ती वही घरातल्या सगळ्यांना पाठवा आणि तिची एक प्रत शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयाला द्या. शिक्षकांनी सुट्टीचा गृहपाठ म्हणून हेच दिलं तर प्रकल्पाच्या दुकानातून आणलेल्या तयार तक्त्यांपेक्षा ते कितीतरी मोलाचं होईल.

आज संध्याकाळी एवढंच करा. घरातल्या किंवा नात्यातल्या सगळ्यांत वडील माणसाला फोन लावा आणि विचारा, तुम्ही लहानपणी दुपारी काय खेळायचा? उत्तर मिळेल ते लिहून घ्या आणि येत्या रविवारी दोन वाजता त्यांच्याकडे जा. जाताना एक नवा कॅट घेऊन जा.